सोफिया : जे घडले आणि जे घडू शकले असते

आपण कला शाखेत का आलो, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे ठरवले तर आपल्यापैकी बरेच जण सांगतील, की गणित सुटावे म्हणून! अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना मी स्वतः सुटकेचा जो निःश्वास सोडला होता, तो अजून आठवतो. गणित म्हणजे कोरडे, रुक्ष, आकड्यांचे राज्य. आणि कविता, कथा, कादंबरी म्हणजे आपले ओलाव्याचे जग. या दोन राज्यांमध्ये पक्की सीमारेषा आहे अशी माझी समजूत होती. ती समजूत एका बाईने मोडीत काढली. ही बाई गणितातली युरोपभर मान्यता पावलेली पंडिता होती आणि तिने कादंबरीही लिहिली. तिचे नाव सोफिया कोव्हालेव्हस्काया. १८५० च्या जानेवारीत मॉस्कोत ती जन्मली आणि १८९१ च्या फेब्रुवारीत स्टॉकहोममध्ये वारली. आयुष्य उणेपुरे एक्केचाळीस वर्षांचे!

तिची गोष्ट एका भिंतीपासून सुरू होते. सोफियाचे वडील तोफखान्यातले सेनानी. निवृत्तीनंतर ते पालिबिनो या आपल्या खेड्यातल्या वाड्यात राहायला आले. घराच्या भिंतींना लावायला पीटर्सबर्गहून रंगीत कागद मागवले, पण मुलांच्या खोलीपाशी येता येता ते संपले. एका खोलीसाठी पुन्हा राजधानीला कोण माणूस धाडणार? माळ्यावर जुने कागद पडले होते, तेच चिकटवले. ते होते ऑस्ट्रोग्राड्स्की या नामवंत गणितज्ञाच्या कलनशास्त्रावरील व्याख्यानांचे छापील कागद. वडिलांनी तरुणपणी विकत घेतलेले. छोटी सोफिया तासन् तास त्या भिंतीसमोर उभी राही. कोणत्या पानानंतर कोणते पान येते ते शोधी. अर्थ काहीच कळत नव्हता, पण त्या चिन्हांची चित्रे डोळ्यांत ठसली. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी पीटर्सबर्गमध्ये कलनाची शिकवणी सुरू झाली, तेव्हा तिचे शिक्षक थक्क झाले. मुलगी जणू सारे आधीच शिकून आली होती. आपल्या घरात मुलांच्या खोलीला कागद पुरत नाही, हा तसा दुजाभावच. त्याच दुजाभावाने तिला तिचे पहिले पाठ्यपुस्तक दिले!

दुजाभावाचा हा विषय तिच्या मनात खोलवर होता. थोरली बहीण अन्यूता देखणी, सात वर्षांनी मोठी, घरची लाडकी. धाकटा भाऊ म्हणजे वंशाचा दिवा. मधली सोफिया जन्मली तेव्हा आईवडिलांना मुलगा हवा होता, हे तिने दाईच्या तोंडून ऐकले आणि ते ती कधी विसरली नाही. तिच्याशी मोठ्या माणसासारखे बोलणारा एकच, तिचा पीटर काका. गणितातले त्याला फारसे कळत नसे, पण वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्याचा प्रश्न किंवा वक्र जिच्या सतत जवळ जातो पण जिला कधी भेटत नाही अशी अनंतस्पर्शी रेषा, अशा गोष्टी तो परीकथांसारख्या सांगे. सोफियाच्या मनात गणित शिरले ते असे, गोष्टीच्या वाटेने.

शेजारच्या एका प्राध्यापकांनी आपले भौतिकशास्त्राचे पुस्तक भेट दिले. त्यात प्रकाशावरच्या प्रकरणात त्रिकोणमितीतली ज्या आली. ज्या म्हणजे काय हे सांगणारे घरात कोणी नव्हते. तिने स्वतःच विचार करून ताडले, की लहान कोनासाठी ज्येऐवजी वर्तुळाची जीवा घेतली तर गणित जुळते. ही कल्पना इतिहासात ज्या मार्गाने विकसित झाली तोच मार्ग या चौदा वर्षांच्या मुलीने एकटीने चोखाळला हे पाहून ते प्राध्यापक तिच्या वडिलांकडे गेले आणि या मुलीला गणित शिकवाच म्हणून त्यांनी हट्ट धरला. (आपल्याकडे तर शब्दातच हा इतिहास आहे, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्गात मला हे कोणी सांगितले असते तर कदाचित मी आज कला शाखेत नसतो!)

आता अन्यूताकडे वळू, कारण सोफियाच्या आयुष्यातला साहित्याचा धागा तिथूनच येतो. खेड्यातल्या कंटाळ्यातून अन्यूताने गुपचूप कथा लिहिल्या आणि त्या पाठवल्या थेट दोस्तोव्हस्कीच्या मासिकाकडे! १८६४ साली त्या छापून आल्या. पत्रव्यवहार घरच्या कारभारणीच्या नावाने चाले. एके दिवशी मानधनाचे पाकीट वडिलांच्या हाती लागले आणि घरात वादळ उठले. मुलीने परक्या पुरुषाशी पत्रव्यवहार करावा आणि वर त्याच्याकडून पैसे घ्यावे! लेखणी विकणारी मुलगी उद्या काय विकेल, अशी त्या जुन्या वळणाच्या सेनानीला धास्ती पडली. पण पुढे एका संध्याकाळी अन्यूताने आपली कथा वडिलांना वाचून दाखवली. तिचा आवाज कापत होता. वडील एक शब्द न बोलता ऐकत राहिले, आणि अखेर विरघळले.

१८६५ मध्ये मायलेकी पीटर्सबर्गला आल्या तेव्हा दोस्तोव्हस्की त्यांच्याकडे येऊ लागला. तो चाळिशी ओलांडलेला, सैबेरियातली सक्तमजुरी भोगून आलेला, अपस्माराने पिडलेला. आणि सोफिया पंधरा वर्षांची. ती त्याच्यावर मनोमन भाळली. बीथोव्हेनची एक अवघड पियानो-रचना त्याला आवडते हे कळल्यावर तिने बोटे दुखेपर्यंत सराव केला. एका संध्याकाळी जीव ओतून ती वाजवली. संपल्यावर शाबासकीच्या आशेने मागे वळून पाहते तो खोलीत कोणी नाही! शेजारच्या खोलीचा पडदा तिने बाजूला केला. दोस्तोव्हस्की अन्यूताचा हात हाती घेऊन तिच्याकडे प्रेमाची याचना करत होता. अन्यूताने त्याला नकार दिला; पण धाकटीचे जे व्हायचे ते होऊन गेले. हा प्रसंग सोफियाने पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर लिहिला. त्यात ना दोस्तोव्हस्कीवर राग आहे ना बहिणीवर. त्या वेड्या पोरीकडे पाहून ती थोडी हसते, एवढेच. मला तरी तिच्या लेखणीची खरी ताकद इथे दिसते.

त्या काळी रशियातल्या विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. परदेशी जावे तर पारपत्र हवे. ते अविवाहितेला वडिलांच्या आणि विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय मिळत नसे. यावर तिथल्या तरुण पिढीने एक अजब तोड काढली होती : नाममात्र लग्न. एखाद्या सुधारक विचारांच्या तरुणाने मुलीशी लग्न करायचे, तिला घरातून सोडवायचे आणि मग दोघांनी आपापल्या वाटेने जायचे. लग्न हे बेडी घालण्यासाठी नव्हे, तर बेडी तोडण्यासाठी! व्लादिमिर कोव्हालेव्हस्की हा डार्विनची पुस्तके रशियनमध्ये आणणारा तरुण प्रकाशक अन्यूताला सोडवायला तयार झाला होता, पण धाकटीला भेटल्यावर त्याने तिलाच पसंती दिली. वडील राजी होईनात. तेव्हा घरी पाहुणे जेवायला यायच्या वेळी चिठ्ठी ठेवून सोफिया सरळ व्लादिमिरच्या बिऱ्हाडी जाऊन बसली, असे सांगतात. अब्रू झाकायची तर होकार देणे भाग होते. सप्टेंबर १८६८ मध्ये लग्न लागले.

हे लग्न लक्षात ठेवायला हवे. तिच्या कादंबरीपाशी आपण पोहोचू तेव्हा ते पुन्हा भेटेल.

१८६९ मध्ये दोघे हायडेलबर्गला गेले. तिथे खास परवानगी काढून तिला वर्गात बसता आले. त्याच वर्षी लंडनमध्ये ती जॉर्ज इलियटच्या घरी गेली. तिथे भेटलेल्या हर्बर्ट स्पेन्सरशी, स्त्रीची बुद्धी अमूर्त विचार पेलू शकते की नाही यावर तिचा चांगलाच वाद रंगला. वय होते एकोणीस! पुढे बर्लिन. तिथले थोर गणितज्ञ वायरश्ट्रास यांच्याकडे ती शिकायला गेली. त्यांना ही पीडा टाळायची होती म्हणून त्यांनी पुढारलेल्या विद्यार्थ्यांना देत असत तशी कठीण उदाहरणे तिला दिली. आठवड्याने ती सारी सोडवून हजर. विद्यापीठाने तिला वर्गात बसू देण्यास साफ नकार दिला, तेव्हा या अविवाहित, पंचावन्न वर्षांच्या गुरूने तिला चार वर्षे घरी शिकवले. त्याचा मोबदला त्यांनी कधी घेतला नाही.

मध्येच १८७१ चे पॅरिस. अन्यूता आपल्या क्रांतिकारक फ्रेंच नवऱ्याबरोबर कम्यूनच्या लढ्यात होती. सोफिया आणि व्लादिमिर वेढा पडलेल्या शहरात शिरले आणि ती काही आठवडे जखमींची शुश्रूषा करत राहिली. तिथून परत बर्लिनला, पुन्हा समीकरणे! १८७४ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली. एक पुरेसा असताना तिने तीन प्रबंध सादर केले होते : एक आंशिक विकलक समीकरणांवर, दुसरा आबेलीय संकलांवर, तिसरा शनीच्या कड्यांच्या आकारावर. आधुनिक युरोपात गणितातली डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली स्त्री.

आणि एवढी पदवी घेऊन मायदेशी आल्यावर काय मिळाले? मुलींच्या शाळेतल्या खालच्या वर्गांना अंकगणित शिकवण्याची परवानगी! पुढची सहा वर्षे तिने गणिताला जवळजवळ हात लावला नाही. गुरूंच्या पत्रांना उत्तर देणेही सोडले. वृत्तपत्रात नाटकांची परीक्षणे लिहिली, विज्ञानावर लेख लिहिले. नाममात्र लग्न एव्हाना खरे झाले होते. १८७८ मध्ये मुलगी झाली. नवराबायकोने घरे बांधून विकण्याचा धंदा काढला आणि त्यात दोघे बुडाले. व्लादिमिर हा अश्ववंशाच्या अश्मीभूत अवशेषांवर मोलाचे संशोधन केलेला शास्त्रज्ञ; पण व्यवहारात कच्चा. तेलाच्या एका कंपनीच्या नादी लागून तो आणखी खोलात गेला. १८८० मध्ये पीटर्सबर्गच्या एका वैज्ञानिक परिषदेत सोफियाने आपला जुना, अप्रकाशित प्रबंध वाचला आणि त्यानंतर ती पुन्हा गणिताकडे, परदेशाकडे वळली. एप्रिल १८८३ मध्ये व्लादिमिरने क्लोरोफॉर्म हुंगून आत्महत्या केली. ती पॅरिसमध्ये होती. बातमी कळल्यावर तिने दार लावून घेतले, अन्न सोडले. पाचव्या दिवशी ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यानंतर तिने कागद आणि पेन्सिल मागितली, आणि अंथरुणात पडल्या पडल्या ती एक गणित सोडवू लागली.

हे वाचून कोणाला ती कठोर वाटेल. मला नाही वाटत. काहींना रडता येते, काहींना येत नाही.

त्या परिषदेतला तिचा एक श्रोता होता स्वीडनचा गणितज्ञ मिताग-लेफ्लर. स्टॉकहोमला नवे विद्यापीठ निघाले होते. त्याने खटपट करून तिला तिथे बोलावले. नोव्हेंबर १८८३ मध्ये ती पोहोचली. पहिल्या वर्षी विद्यापीठाकडून पगार नाही, व्याख्याने जर्मनमध्ये. वर्षाच्या आत ती स्वीडिश शिकली. १८८४ मध्ये पाच वर्षांसाठी प्राध्यापकपद मिळाले, १८८९ मध्ये ते कायम झाले. नाटककार स्ट्रिंडबर्गने लेख लिहून स्त्री प्राध्यापक ही गोष्ट कशी अनिष्ट आहे हे सांगायला कमी केले नाही. थोर लेखक असला म्हणून माणूस सगळीकडेच शहाणा असतो असे थोडेच आहे!

स्टॉकहोममध्ये तिची मैत्री जमली ती मिताग-लेफ्लरच्या बहिणीशी, ॲन शार्लोट लेफ्लर या लेखिकेशी. १८८७ मध्ये दोघींनी मिळून एक जोडनाटक लिहिले. कल्पना सोफियाची, लेखन मुख्यतः ॲन शार्लोटचे. तीच माणसे, तीच सुरुवात. पण एका नाटकात जे घडले ते, आणि दुसऱ्यात जे घडू शकले असते ते. एका वळणावर एक निर्णय वेगळा घेतला, तर सारे आयुष्य दुसऱ्या मार्गाने जाते. नाटक म्हणून ते फारसे यशस्वी झाले नाही. परंतु इथे थोडे थांबून तिच्या गणिताकडे पाहावेसे वाटते. विकलक समीकरणांवरचा तिचा जो सिद्धान्त आज कोशी आणि कोव्हालेव्हस्काया या जोडनावाने ओळखला जातो, तो ढोबळमानाने सांगायचा तर असा : विशिष्ट प्रकारच्या समीकरणांत आरंभीची स्थिती ठरली, की निदान तिच्या आसपास तरी उत्तर असते, आणि ते एकच असते. आरंभ बदला, उत्तर बदलेल. (माझ्यासारख्या गणितचुकाराला हे समजावून देताना आमच्या गणिताच्या सरांनी तीन कप चहा प्याला.) एका आरंभापासून आयुष्याची रेघ कुठे जाते हा प्रश्न तिने समीकरणात विचारला आणि नाटकातही विचारला. फरक इतकाच, की माणसाच्या बाबतीत एकच उत्तर असते हे मानायला ती तयार नव्हती. अन्यूता त्याच वर्षी पॅरिसमध्ये वारली. लेखिका होऊ शकली असती, आणि झाली नाही.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बोर्दँ पारितोषिकासाठी विषय लावला होता : एका बिंदूपाशी धरलेल्या जड पदार्थाचे भ्रमण. सोप्या भाषेत, फिरता भोवरा. ऑयलर आणि लाग्रांज यांनी एकेक प्रकार सोडवला होता. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे कोणालाच तिसरा सापडला नव्हता. निबंध निनावी पाठवायचे होते. वर फक्त बोधवाक्य, आणि नाव बंद पाकिटात. पंधरा निबंध आले. सर्वोत्तम ठरलेल्या निबंधाची योग्यता पाहून पारितोषिकाची रक्कम ३००० फ्रँकची ५००० करण्यात आली. डिसेंबर १८८८ मध्ये ते सोफियाला देण्यात आले. तिसरा प्रकार तिने शोधला होता. पुढच्या वर्षी रशियन अकादमीने नियम बदलून तिला पत्रव्यवहारी सदस्यत्व दिले. मायदेशातली नोकरी मात्र नाहीच!

यशाच्या या शिखरावर एखादी दुसरी बाई नवे समीकरण हाती घेती. सोफियाने बालपण लिहायला घेतले. १८८९ च्या अखेरीस ते स्वीडिशमध्ये 'रायेव्हस्की भगिनी' म्हणून कादंबरीच्या रूपात निघाले. घरच्या खाजगी गोष्टी उघड नावाने कशा सांगाव्यात, म्हणून सोफियाची तान्या झाली. १८९० मध्ये रशियन मासिकात तेच आठवणी म्हणून खऱ्या नावांनिशी आले. भिंतीवरचे कागद, काका, दोस्तोव्हस्की, सारे तिथे आहे. गणित आणि साहित्य एकदम कसे जमते, असे एका लेखिकेने विचारले तेव्हा सोफियाने पत्रातून कळवले होते, की गणिताला अंकगणित समजणाऱ्यांनाच ते रुक्ष वाटते. त्याला अतोनात कल्पनाशक्ती लागते, आणि दोहोंपैकी आपला कल कुठे अधिक हे आपल्याला आयुष्यभर ठरवता आले नाही.

ठरवायला वेळही मिळाला नाही. नात्यातला एक समाजशास्त्रज्ञ, मॅक्सिम कोव्हालेव्हस्की, याच्याशी तिचा स्नेह जुळला होता. तो दक्षिण फ्रान्समध्ये, ती स्टॉकहोमात. दोघांपैकी कोणालाच आपले काम सोडवत नव्हते. १८९१ च्या सुरुवातीला त्याला भेटून परतताना कडाक्याच्या थंडीत तिला सर्दी झाली. ६ फेब्रुवारीला तिने वर्ग घेतला. १० तारखेला न्यूमोनियाने ती गेली. बर्लिनच्या वृद्ध गुरूने तिची सारी पत्रे जाळून टाकली.

मागे तिच्या कागदांत एक कादंबरी होती, 'निहिलिस्ट तरुणी'. १८९२ मध्ये ती परदेशात छापली गेली. रशियात तिच्यावर बंदी आली. नायिका व्हेरा ही खानदानी घरातली मुलगी. लहानपणी आपल्या गुरूला हद्दपारीत गमावलेली आणि आता आयुष्य वाहून टाकण्यासाठी एखादे कार्य शोधणारी. राजकीय खटला चालू असतो. एका आरोपीला वीस वर्षांची शिक्षा होते आणि तीही किल्ल्याच्या तळघरात, जिथून माणूस सहसा जिवंत परतत नाही. परंतु तो विवाहित असेल, तर बायकोला त्याच्याबरोबर जाण्याचा हक्क असल्यामुळे त्याला सैबेरियाला पाठवतील. व्हेरा त्या अनोळखी कैद्याशी तुरुंगात लग्न लावते. पुन्हा तेच नाममात्र लग्न! सोफियाने ते केले होते स्वतः सुटण्यासाठी. तिची नायिका ते करते दुसऱ्याला सोडवण्यासाठी. आरंभ तोच, रेघ दुसरीकडे गेलेली. कथा सांगणारी बाई कोण, तर परदेशातले शिक्षण पुरे करून नुकतीच पीटर्सबर्गला परतलेली एक तरुण विदुषी. शेवटी ती व्हेराला निरोप द्यायला स्टेशनवर जाते. तिचे डोळे भरून येतात. व्हेराला ते अश्रू पाहून नवल वाटते. तिला उलट कीव येते ती मागे राहणाऱ्यांची. गाडी सुटते, आणि विदुषी फलाटावर उभी राहते.